पस्तिसाला एक सुवर्ण

श्रोतेहो, आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटात नागनिकेचा लेख आहे. त्यात दक्षिणेचे कार्षापण हजारांनी मोजलेले आहेत. पण सोन्याच्या एका नाण्याला किती कार्षापण पडत? तो भाव घाटात मिळत नाही. मिळतो नाशिकच्या लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात लिहून ठेवतो: ७०,००० कार्षापण, म्हणजे २,००० सुवर्ण, पस्तिसाला एक! गुरुजी, हा भागाकार मुलांना जरूर घाला. भाव लिहिला नसता, तर नुसता आकडा मुकाच राहिला असता.

नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्या मानमोडीत आहे, वर्ष ४६ चा. तेव्हा हा भाव आपल्या बाजारीही चालत असावा, असे मला वाटते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्याच रुप्याच्या नाण्यांवर आपला छाप मारला. १९०६ साली जोगळटेंभीला अशी हजारो नाणी सापडली.