१ डिसेंबर १९५१ : ‘बिली बड’चा पहिला प्रयोग

हर्मन मेलव्हिल १८९१मध्ये वारला तेव्हा ‘बिली बड’ची हस्तलिखिते घरातच पडून होती, ही लघुकादंबरी छापली गेली १९२४मध्ये. तिच्यावरचा बेंजामिन ब्रिटनचा ऑपेरा लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आजच्या दिवशी रंगमंचावर आला. संगीतसंचालन खुद्द ब्रिटनचेच. संहिता ई. एम. फॉर्स्टर आणि एरिक क्रोझियर यांची. फॉर्स्टर म्हणजे देवासच्या पवार महाराजांचे एकेकाळचे खासगी सचिव!

कथा १७९७मधल्या ब्रिटिश युद्धनौकेवरची. निष्पाप खलाशी बिलीवर बंडाचा खोटा आळ येतो. तोतरेपणामुळे शब्द फुटत नाही, आणि संतापाच्या एकाच ठोशात आळ घेणारा अधिकारी गतप्राण होतो. ऑपेरात एकही स्त्रीस्वर नाही, तरी तो एकसुरी वाटत नाही. फाशीचा निकाल कप्तान व्हिअर बिलीला बंद दाराआड सांगतो. मेलव्हिलने तो प्रसंग दाखवलाच नाही. ब्रिटननेही तिथे शब्द वापरले नाहीत, वाद्यवृंदाचे चौतीस संथ स्वरमेळ तेवढे ऐकू येतात. मूळच्या चार अंकांचे १९६०मध्ये त्याने दोन केले.