काबुलीवाला (चित्रपटरूपे)

काबुलीवाला : रवींद्रनाथ टागोरांची १८९२ मधली बंगाली कथा. कोलकात्यात दारोदार सुकामेवा विकणारा अफगाण रहमत आणि पाच वर्षांची बडबडी मिनी यांची गट्टी जमते. उधारीवरून झालेल्या भांडणात रहमत सुरा चालवतो, तुरुंगात जातो आणि सुटून भेटायला येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. त्याच्या छातीशी एक मळका कागद असतो; त्यावर काबूलकडे राहिलेल्या लेकीच्या हाताचा ठसा. मिनीचे वडील त्याला घरी परतायला पैसे देतात आणि लग्नातली रोषणाई व बँड यांना कात्री लावतात.

हे सारे सांगतात मिनीचे वडील. रहमतचे घर, त्याची वाट, त्याचा तुरुंगवास कथेत दिसतच नाही. पडद्यावर मात्र त्याला इतके दूर ठेवून भागत नाही, आणि प्रत्येक दिग्दर्शकाची परीक्षा इथेच होते.

तपन सिन्हांचा बंगाली चित्रपट (१९५७) कथेशी सर्वांत इमानी. छबी विश्वासांचा रहमत दांडगा, तरीही हळवा. मिनी झालेली टिंकू ही शर्मिला टागोरची धाकटी बहीण. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि रविशंकरांच्या संगीताचा बर्लिन महोत्सवात गौरव झाला.

मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा तो हिंदी ‘काबुलीवाला’ (१९६१). निर्माते बिमल रॉय, दिग्दर्शक हेमेन गुप्ता. मिनीची आई उषा किरण. रहमतच्या भूमिकेतले बलराज साहनी मूळचे रावळपिंडीचे आणि कधीकाळी शांतिनिकेतनात शिकवलेले. या चित्रपटाने रहमतचा मुलूख, त्याची लेक अमीना पडद्यावर आणली. प्रेम धवन, सलील चौधरी आणि मन्ना डे यांचे ‘ऐ मेरे प्यारे वतन’ हे परमुलखातल्या अफगाणांच्या ओढीचे गाणे. आपण ते १५ ऑगस्टला हिंदुस्थानचे म्हणून ऐकतो, आणि कुणालाही खटकत नाही!

बांगलादेशात काझी हयात यांनी २००६ मध्ये ही कथा पडद्यावर आणली. देब मेढेकरांच्या ‘बायोस्कोपवाला’ने (२०१८) सुकामेव्याच्या झोळीऐवजी रहमतच्या हाती बायोस्कोप दिला आणि मोठी झालेली मिनी त्याचा भूतकाळ शोधत अफगाणिस्तानात पोचली. डॅनी डेन्झोंग्पा या भूमिकेत शोभले, पण जोडकथानकांच्या गर्दीत मैत्रीला जागा कमी उरली. सुमन घोष यांच्या बंगाली चित्रपटात (२०२३) काळ १९६५ चा असून रहमत साकारला आहे मिथुन चक्रवर्ती यांनी.