निशाणी नांगर

12 मे 1875. सुप्याचा आठवडी बाजार भरला होता. आसपासच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जरोखे आणि वह्या बाहेर ओढल्या आणि जाळून टाकल्या. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. पुढे पुणे-अहमदनगर भागात पसरलेल्या दंग्यांतही लोकांचा रोख मुख्यतः कागदांवरच राहिला.

तो राग समजून घ्यायचा तर एखाद्या रोख्याचा तळ पाहावा. लिहिता न येणारा कुणबी तिथे नांगराचं चित्र काढी; लेखनिक शेजारी लिही, ‘निशाणी नांगर’. वरचा मजकूर काय, रक्कम किती, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळायचं. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावणं भाग पडलं. म्हणून मुदत सरत आली की सावकार जुन्या रोख्याचा नवा करून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात जाई. दावा लागला की ऋणको अनेकदा कोर्टात फिरकतच नसे, आणि त्या आकड्यावर एकतर्फी हुकूमनामा होई.

चुकीच्या आकड्याची किंमत शेजारच्या इंदापूरने आधीच मोजली होती. ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांच्या जमीन-पाहणीत मोजणीच सदोष होती. तिच्यावर बसवलेला सारा पेलेना, जमिनी ओस पडल्या. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना ती मोजणी तपासून पाहावी लागली. त्यातून 1836 ची तीस वर्षांची नवी जमाबंदी निघाली.

सुप्यानंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोरच लिहायचा ठरला. निबंधकाने माणसं ओळखून घ्यायची, रक्कम समोर दिली का ते नोंदवायचं, जुना रोखा असल्यास तो मागवून त्यावर खूण करायची, आणि सही-निशाणीआधी मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. कोर्टालाही रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहार मुळापासून उकलायचा अधिकार मिळाला. मुन्सफांचं काम तपासायला विशेष न्यायाधीश नेमले गेले. 1893 मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी महादेव गोविंद रानडे त्याच पदावर होते.

आज बारामती-इंदापूरच्या कोर्टांत दाखल होणाऱ्या दाव्याखाली सत्यापन असतं. मजकूर खरा असल्याबद्दल वादी सही करतो. त्याआधी दावा लिहिणाऱ्याने त्यातला गट नंबर सातबाऱ्याशी रुजू पाहायचा, तारखा मूळ दस्ताशी ताडायच्या आणि पक्षकाराला सगळं वाचून दाखवायचं. नांगर काढणाऱ्या त्या कुणब्यासमोर हे वाचन झालं असतं, तर आकडा त्याला निशाणी करण्याआधीच कळला असता.