परिचारिकेने पीएच.डी. का करू नये?

"एवढं शिकून पगार किती वाढणार?" आपल्या वस्तीतल्या एखाद्या स्टाफ नर्सने चाळिशीत पीएच.डी.चा विषय काढला की हा प्रश्न येतोच. घरातून येतो, वॉर्डातूनही येतो. सुखवस्तू घरातल्या मुलीचे शिक्षण 'आवड' म्हणून खपून जाते. आपल्या मुलीला मात्र फायदा सिद्ध करावा लागतो. या फरकाला इतिहास आहे.

रक्त, मलमूत्र, जखम हाताळणे जातिव्यवस्थेने विटाळाचे ठरवले. त्यामुळे नर्सिंगपासून सवर्ण घरे दीर्घकाळ लांब राहिली आणि मिशनच्या रुग्णालयांत ख्रिस्ती स्त्रियांनी हे काम उभे केले. सावित्रीमाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपण सेवेचा गौरव करतो, पण सेवा करणाऱ्या बाईला ज्ञान निर्माण करण्याचा अधिकार देत नाही. हात तिचे, डोके दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे.

अमेरिकेत हीच वाटणी वर्णाने केली. मेरी महोनी १८७९ मध्ये बोस्टनमधून प्रशिक्षित परिचारिका झाल्या. त्या तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षित परिचारिका. एस्टेल ऑस्बोर्न यांनी १९३१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून पदव्युत्तर पदवी घेतली, ती रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीवर. १९४३ च्या बोल्टन कायद्याने नर्सिंग शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि वर्णभेद करू नये अशी अट कायद्यातच घातली. त्या योजनेतून सुमारे ३,००० कृष्णवर्णीय मुली शिकल्या. एलिझाबेथ लिपफर्ड केंट यांना १९५५ मध्ये पीएच.डी. मिळाली, तीही मिशिगनच्या सरकारी विद्यापीठात. पहिल्या परिचारिकेपासून पहिल्या डॉक्टरेटपर्यंत ७६ वर्षे लागली. बुद्धी कमी नव्हती, वाट बंद होती. शिष्यवृत्ती, कायदा आणि सरकारी विद्यापीठ यांनी ती उघडली.

ऑस्बोर्न यांच्या आधी, १९१३ मध्ये, त्याच कोलंबियात बाबासाहेब पोचले होते. सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती हाती होती. प्रबंध छापून सादर करावा लागे. तो १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी प्रत्यक्ष मिळाली १९२७ मध्ये. १९२० मध्ये लंडनला परतताना सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज कामी आले. ज्यांनी पदवीची किंमत अशी मोजली, त्यांच्या लेकींना 'परवडते का?' हे विचारायला लाज कसली?

म्हणून बहिणींनो, निवड इतिहास समोर ठेवून करा. आधी सरकारी विद्यापीठ पाहा. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, नर्सिंग कॉलेज चालवणारे एसएनडीटी आहे. तिथे नर्सिंगचा मान्य मार्गदर्शक आणि रिकामी जागा आहे का, हे आधी विचारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून, कार्यालयाचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करता येते. किमान मुदत ३ वर्षे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मात्र मान्यता नाही, तेव्हा 'घरबसल्या डॉक्टरेट' विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. फी विचारताना पहिल्या वर्षाची नको, प्रबंध सादर होईपर्यंतची एकूण रक्कम लेखी मागा. बार्टीची आणि अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती पूर्णवेळ संशोधकांसाठी आहे. पगार आणि अधिछात्रवृत्ती दोन्ही एकदम मिळणार नाही, हा हिशेब आधीच मांडा.

इथेच आपली मागणीही आहे. रात्रपाळी करून अर्धवेळ संशोधन करणाऱ्या परिचारिकेला अभ्यासरजा आणि फीमाफी हवी. आज तिच्या वाट्याला फक्त तिची बचत येते.

आणि फायदा? वीस वर्षे रुग्णाच्या उशाशी उभे राहून जे दिसले, ते स्वतःच्या नावाने मांडणे, हे समाधान पुरेसे आहे. केवळ जाणून घेण्यासाठी शिकणे ही फक्त वरच्यांची चैन राहिली, तर समता अर्धीच आली म्हणायची.

जय भीम!