अर्ध्या फोटोची गोष्ट

परदेशी नोकरीला निघालेला कुणी भेटला, की आपला पहिला प्रश्न ठरलेला : ‘व्हिसा मिळाला का?’ अडवणूक होते ती परक्या देशाच्या वकिलातीत, हे आपण गृहीतच धरतो. मीही धरले होते. पोर्तुगालचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की दाराला कधीकधी आतूनही कुलूप असते.

गोष्ट १९६०च्या दशकातली. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. खेड्यांत जमीन तोकडी, मजुरी त्याहून तोकडी. तिकडे फ्रान्सला घरे, रस्ते, कारखाने उभारायला माणसे हवी होती. १९६३ अखेर दोन्ही देशांत कामगारांविषयी करारही झाला. पण रीतसर जायचे, तर सरकारकडून स्थलांतरिताचा वेगळा पासपोर्ट मिळवावा लागे. त्यासाठी नोकरीचा करार किंवा तिकडच्या नातेवाइकाचे बोलावणे लागे. लष्करी सेवेच्या वयाच्या तरुणाला तर सैन्याचीही परवानगी हवी.

आणि ती मिळणार कशी? १९६१ मध्ये अंगोलात वसाहतीचे युद्ध पेटले. त्याच वर्षी डिसेंबरात आपला गोवा मुक्त झाला. पुढे गिनी आणि मोझांबिकही पेटले. सालाझारला आफ्रिकेत लढायला पोरे हवी होती आणि जमीनदारांना शेतावर स्वस्त मजूर.

मग लोक चोरून निघाले. या पळून जाण्याला पोर्तुगीज लोक ‘साल्तु’, म्हणजे उडी, म्हणत. वाटाड्याला पैसे देऊन रात्री सीमा ओलांडायची, ट्रकमध्ये दडून किंवा पायी स्पेन पार करायचे, पिरेनीज डोंगर चढायचा. वाटाड्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यावर लोकांनी साधी युक्ती काढली होती. निघणाऱ्याचा फोटो मधोमध फाडायचा. एक तुकडा घरी, दुसरा त्याच्या खिशात. सुखरूप पोचला की तो आपला तुकडा पाठवी. दोन्ही कडा जुळल्या, की घरचे लोक वाटाड्याचे उरलेले पैसे चुकते करीत. तुकडा येईपर्यंत त्या घरातल्या बायकांनी रात्री कशा काढल्या असतील, हे कुठल्याही दप्तरात नोंदलेले नाही.

१९५७ ते १९७४ या काळात सुमारे नऊ लाख पोर्तुगीज फ्रान्सला गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक बेकायदा! गंमत अशी, की फ्रान्स त्यांना परत पाठवत नसे. हात हवे होते, म्हणून आल्यावर कागद करून देत असे. पॅरिसमध्ये इमारती बांधणारे हे लोक स्वतः मात्र शाँपिन्यीसारख्या उपनगरात, चिखलातल्या झोपड्यांत राहत. त्या एका वस्तीत दहा हजारांहून अधिक माणसे होती.

२५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही कोसळली. १९७६च्या राज्यघटनेने देश सोडण्याचा आणि परत येण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि १९९२ पासून फ्रान्समध्ये कामासाठी त्यांना परवान्याची गरज उरली नाही. ज्या वाटेवर बाप डोंगरात दडत गेला, त्याच वाटेने मुलगा आगगाडीत झोपून जाऊ लागला.

पण वाट एकदा मोकळी झाली म्हणजे कायमची झाली, असे नसते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथे नव्याने नोकरीला जाणाऱ्या पोर्तुगीजाला व्हिसा लागू लागला. याचा चटका गोव्यालाही बसला. पोर्तुगीज पासपोर्ट काढून ब्रिटन गाठण्याचा अनेक गोवेकरांचा मार्ग त्याच दिवशी अडला.

दुसऱ्याच्या घरात जायचे तर दार ठोठवावे लागते. त्याने उघडावे की नाही, हा त्याचा प्रश्न. पण आपल्याच घराबाहेर पडायला परवानगी लागावी? हल्ली व्हिसासाठी फोटो काढताना मला तो फाडलेला फोटो आठवतो. आपला फोटो अखंड राहतो, ही काही लहान गोष्ट नाही.