वसईचा किल्ला आणि चिमाजी आप्पांची आज्ञा

वसई किल्ला : पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहराच्या दक्षिण टोकाला, वसईच्या खाडीच्या मुखाशी असलेला कोट. तीन बाजूंना पाणी नि दलदल. फौजेला भिडता येईल अशी बाजू एकच, उत्तरेची. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि त्यांच्या उत्तर कोकणातल्या मुलखाचा कारभार येथून चालू लागला.

मराठी मनात मात्र हा कोट राहिला तो पेशवे पहिल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांच्या एका आज्ञेने. किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझे मस्तक तरी कोटात जाऊन पडू दे, असे त्यांनी सरदारांना बजावल्याची हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती आज्ञा केवळ त्वेषाची मानणे अन्यायाचे ठरेल. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे 1737 मध्येच घेतले होते, पण वसईवरचे आधीचे हल्ले फसले होते. फेब्रुवारी 1739 पासून वेढा आवळला. तिकडे दिल्लीत इराणचा नादिरशाहा शिरल्याने उत्तरेची चिंता वाढली होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस लागला की वाळूत खणलेले मोर्चे नि सुरुंग वाया गेले असते.

निकराचा हल्ला मे महिन्यात झाला, तो सेंट सेबास्टियन बुरुजावर. सुरुंग उडाले, तटाला भगदाड पडले, मावळे आत घुसले; तोच उशिरा पेटलेला एक सुरुंग त्यांच्याच अंगावर उडाला. तरी माघार घेतली गेली नाही. मानाजी आंग्रे, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे मातब्बर या मोहिमेत होते. मराठ्यांकडील मृत व जखमींचा आकडा सुमारे 5000 सांगितला जातो. किल्ला सरदारांच्या नावावर मांडला जातो. तो मिळाला मात्र या अनाम माणसांच्या जिवावर.

पोर्तुगीजांच्या वतीने कायतानो द सोझा परेरा याने शरणागतीच्या तहावर सही केली. शत्रूच्या शिबंदीला शस्त्रांनिशी, वाजतगाजत बाहेर पडू दिले, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची हमी दिली. विजयाइतकेच हे औदार्यही आप्पांच्या नावे जमा धरायला हवे. 12 मे 1739 रोजी (नव्या कालगणनेनुसार 23 मे) किल्ला रिकामा झाला. आप्पांनी नवस बोलल्याप्रमाणे वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. फिरंगी चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या, त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला आहे. 1780 मध्ये इंग्रज सेनापती गॉडार्डने किल्ला घेतला. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. किल्ल्यात आज चर्चचे भग्नावशेष, नागेश्वराचे मंदिर आणि चिमाजी आप्पांचा पुतळा आहे.