जामिया उस्मानिया आणि मराठवाडा

मराठवाड्यातील जुन्या पिढीतल्या पदवीधरांची प्रमाणपत्रे पाहिली तर त्यांवर बहुधा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे नाव असते. त्यात नवल नाही. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातील महाविद्यालये उस्मानियालाच जोडलेली होती. आम्हा उर्दू माध्यमात शिकवणाऱ्यांना या विद्यापीठाचे आकर्षण मात्र वेगळ्याच कारणाने आहे. दहावीनंतर आमचा विद्यार्थी विज्ञान शाखेत गेला की त्याला सगळे इंग्रजीतून नव्याने शिकावे लागते. हुशार मुलेही पहिल्या सहामाहीत गप्प होऊन बसतात. मग प्रश्न पडतो की आपल्या जबानीत उच्च तालीम कधी शक्य होती का? होती, आणि ती तीस वर्षे चालली.

सर अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ मध्ये विद्यापीठाला मंजुरी दिली आणि १९१८ च्या फर्मानाने ते स्थापन झाले. माध्यम उर्दू, इंग्रजी हा सक्तीचा विषय. हिंदुस्थानात मुंबई, मद्रास, कलकत्ता ही विद्यापीठे १८५७ पासून इंग्रजीतून शिकवत होती. देशी भाषेत कायदा, वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकवता येईल यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता.

पुस्तकेच नव्हती, ही पहिली अडचण. म्हणून वर्ग भरण्याआधीच १९१७ मध्ये दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग उघडला गेला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. ‘उमराव जान अदा’चे लेखक मिर्झा हादी रुसवा आणि शायर जोश मलिहाबादी यांनीही येथे काम केले. एका पारिभाषिक शब्दासाठी विषयाचा जाणकार आणि भाषेचा जाणकार समोरासमोर बसत. शब्द अरबी धाटणीचा असावा की बोलीतला, यावर वाद होत. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा घडवण्याच्या शास्त्रावर ‘वज़-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथच लिहिला. आज आमच्या वर्गात ‘हयातियात’ किंवा ‘तबीइयात’ म्हणताना मूल अडखळते, तेव्हा आम्हाला या वादांची आठवण होते. अरबीकडे झुकलेले शब्द विद्वानांना सोपे गेले असतील. शेतकऱ्याच्या पोराला ते इंग्रजीइतकेच परके होते. पण या माध्यमाने विद्यार्थी मागे पडले असे म्हणता येत नाही. येथेच उर्दूतून शिकलेले रझिउद्दीन सिद्दीकी पुढे केंब्रिजला गेले, लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्याकडे शिकले आणि परत येऊन गणित शिकवू लागले.

औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या साऱ्यात दूर नव्हते. १९२३ मध्ये तेथे उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले. मौलवी अब्दुल हक काही वर्षे त्याचे प्राचार्य होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे दफ्तरही या शहरातच होते आणि तिचे ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ पासून येथूनच निघू लागले.

आता दुसरी बाजू. ती आपल्या लोकांना ऐकायला आवडत नाही, पण सांगितली पाहिजे. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मादरी जबान तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. परभणी-नांदेडच्या मराठी मुलाला उर्दूतून रसायनशास्त्र शिकणे म्हणजे परक्या भाषेतूनच शिकणे होते. मादरी जबानीचा जो युक्तिवाद इंग्रजीविरुद्ध केला गेला, तोच मराठी मुलाच्या बाबतीत उर्दूविरुद्ध लागू पडत होता. खेड्यापाड्यात मराठी बोलणाऱ्या आपल्या मुसलमान कुटुंबांचीही स्थिती फार वेगळी नव्हती. विद्यापीठात मराठीचा विभाग होता हे खरे. डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे, नरहर कुरुंदकरांचे मामा, तेथे मराठी शिकवत. पण एक विषय म्हणून भाषा शिकणे आणि त्या भाषेतून शिकणे यांत अंतर आहे.

१९३८ च्या अखेरीस वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांच्यावर कारवाई झाली. औरंगाबादेतही चळवळ पसरली. काढून टाकलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर माध्यम बदलले. मराठी-तेलुगूला मात्र जागा मिळाली नाही. उर्दू गेली आणि इंग्रजी आली! बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेले मिलिंद महाविद्यालयही सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेले होते, आणि याच विद्यापीठाने १९५३ मध्ये त्यांना सन्मान्य डी.लिट. दिली.

आवाराबद्दल थोडेसे. अडिकमेटची ही जमीन एके काळी शायरा महलका बाई चंदा यांच्या जहागिरीतली होती, असे सांगतात. आर्ट्स कॉलेजची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत १९३४ ते १९३९ या काळात उभी राहिली. आराखडा बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जास्पर यांचा; काम नवाब झैन यार जंग यांनी पुरे केले. तिच्या खांबांत वेरूळ-अजिंठ्याची छाप आहे आणि कमानी इस्लामी घाटाच्या आहेत.

ग्रंथालयात ताडपत्रांवरच्या पोथ्या आहेत. निझामिया वेधशाळा १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांची खासगी होती, १९१९ मध्ये ती विद्यापीठाकडे आली. ताऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-सूचीचा मोठा पट्टा तिने पूर्ण केला. आणि याच आवारात १८८८ साली स्थापन झालेली दाइरतुल मआरिफ आहे. दुर्मीळ अरबी हस्तलिखिते संपादून छापणे हे तिचे काम. अल-बिरूनीचा ‘अल-कानून अल-मसऊदी’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ तिने १९५४ ते १९५६ मध्ये तीन खंडांत काढला, म्हणजे विद्यापीठातून उर्दू माध्यम गेल्यानंतर.